एकोणीस

तांडापेठेत टिनाच्या छपराखाली आमची अंगणवाडी.
दारात बिस्किटांचा डबा, झाकण हरवलेला,
बाजूला टोपलीत चिंचोके.
येणाऱ्याने एक चिंचोका डब्यात टाकायचा,
मग चपला काढायच्या.
आमची हजेरी ही अशी.
रजिस्टर नंतर, खिचडीच्या हिशेबाला.

पटावर वीस.
गुंजन हेडाऊ शंभरपर्यंत म्हणते, श्वास न घेता,
पण बोट पाचव्या चिंचोक्यावर असतं
तेव्हा तोंड बाराव्या स्टेशनातून सुटलेलं.
मी तिचं बोट धरते.
एक. थांब. याला उचल. आता दोन.
ती माझ्याकडे असं बघते
जसं मी सायकलला ब्रेक लावला उतारावर.

अथांग निखारेचं गणित वेगळं :
एक, दोन, तीन, गंज.
चार चिंचोके गंज, डबाभर गंज,
मागे विहिरीवरची वटवाघळं गंज.
मी त्याला चूक म्हटलं नाही.
माझे बाबा मागावर बसत तेव्हा
ताण्याचे धागे बोटांतून सोडत जात
आणि मधेच थांबत : इथं एक तुटला.
तोंडातून आकडा कधी ऐकला नाही मी त्यांच्या.
बोटांना ठाऊक असतं आधी,
जीभ मागून नाव ठेवते.

एकदा खोली मोजली पावलांनी.
माझी चौदा, पोरांची सव्वीस.
सुफियान म्हणाला, "बाई, आमची खोली मोठी हाय तुमच्याहून."
उत्तर ओठांवर आलं होतं.
गिळलं.
दुपारभर पोरं भिंतीपासून भिंतीपर्यंत
टाचेला अंगठा लावून चालत राहिली,
कूलर पाण्याविना घरघरत राहिला.

हाच सुफियान, ज्याने चिंचोका नाकात घातला.
मेयोत न्यावं लागलं.
दुसऱ्या दिवशी त्याची आई आली, कागदाची पुडी घेऊन :
"डॉक्टरनं काढून देला. धुतला हाय.
तुमच्या मोजणीतला असन नं, म्हणून आणला."
मी तो घेतला. पुडीसकट.

पर्यवेक्षिका मॅडम आल्या, वह्या मागितल्या.
वह्या कोऱ्या.
मी डबा पुढे केला.
त्यांनी तो हलवून पाहिला, वाजला,
आणि शेऱ्यात लिहिलं : साहित्य उपलब्ध आहे.

सुमरी धुर्वे दिवाळीनंतर आली होती, बालाघाटची.
आईबाप उड्डाणपुलाच्या कामावर.
मराठी येत नव्हतं तिला, पण सात म्हटलं की हसायची,
तिच्याकडेही सातला सातच म्हणत.
बांगड्या लहानमोठ्या लावायला दिल्या
तर सगळ्यांच्या आधी लावायची,
मग मोडून पुन्हा लावायची, उलट्या.
होळीला गावी गेली.
पुलाचा तो खांब उभा राहिला, माणसं दुसरीकडे गेली.

त्या सकाळी डबा ओतला, सगळ्यांनी मिळून मोजला.
एकोणीस.
"एकोणीस म्हंजे काय वं बाई?"
मी म्हणाले, एक उणा वीस.
वीसच असतात, त्यातला एक आलेला नसतो.
बोलून गेले, आणि मलाच ऐकू आलं.
लहानपणापासून पाढ्यांत किती वेळा म्हटला हा शब्द,
त्याच्या आत कोणी गैरहजर बसलंय
हे ध्यानातच नव्हतं.

अथांग उठला.
टोपलीतून एक चिंचोका घेतला,
डब्यात नाही टाकला, उंबऱ्यावर ठेवला.
"हा तिचा."
तेव्हापासून रोज कोणीतरी ठेवतं.
झाडणारी मावशी रोज उचलून टोपलीत टाकते.

मे महिन्यात वरून कागद आला, सुमरीचं नाव कमी केलं.
आता पटच एकोणीसचा,
म्हणजे सगळे हजर, कागद म्हणतो.
शब्द अजून तसं म्हणत नाही.

अथांग परवा चारपर्यंत पोचला.
एक, दोन, तीन, चार,
मग उंबऱ्याकडे बघितलं त्याने जरा वेळ,
मग गंज.